भाडं पावशेर गराडू

प्रिय इंदिरा,

मागच्या अंगणातला नळ टपकतो आहे, आणि तो दुरुस्त करवून घेण्याचा अधिकार या पृथ्वीतलावर फक्त तुला आहे. म्हणून हे पत्र.

तू आता पृथ्वीतलावर नाहीस, हे मला माहीत आहे. नळाच्या कचेरीला ते मान्य नव्हतं. मी रीतसर अर्ज घेऊन गेलो होतो. गालात पान धरून बसलेल्या बाबूजींनी तो उलटसुलट वाचला आणि म्हणाले, "कनेक्शन इंदिराबाई के नाम है, भिया. उनके दस्तखत ले आओ." मी म्हटलं, त्या गेल्या. "कहाँ?" गेल्या म्हणजे वारल्या. बाबूजी उठून पान थुंकून आले, मनापासून हळहळले, दुखणं काय होतं ते विचारलं, डॉक्टरांना नावं ठेवली आणि शेवटी म्हणाले, "फिर तो दस्तखत में दिक्कत आएगी."

तेव्हा परिस्थिती अशी आहे. ज्या घरात मी जेवतो, झोपतो, दाढी करतो आणि राज्यकारभारावर ताशेरे ओढतो, त्या घरात नळातली चामड्याची एक चकती बदलायचा मला हक्क नाही. नळाखालचा अळू मात्र माजला आहे. थंडीत खरं तर तो दमायला हवा, पण फुकटचं पाणी मिळाल्यावर कोण दमतं? आपली कुसुम शाळेत शिकवून आली की पानं कापते आणि वड्या लावते. आठवडाभर अळूवड्या खाऊन आता माझी लेखणीसुद्धा खाजायला लागली आहे.

आणि वर 'इंदिरा' लिहिलंय ते चुकून नाही. सगळा संसार माझ्या 'अगं'वर आणि तुझ्या 'अहो'वर निभावला. आपली नावं फक्त लग्नातल्या भांड्यांवर कोरलेली राहिली. तुझं नाव मी मोठ्याने एकदाच उच्चारलं, ते रजिस्ट्रीच्या कचेरीत, आणि माझं तूही एकदाच घेतलंस, तिथेच. आठवतं ना? सगळा घोळ तिथूनच तर सुरू झाला.

संस्थान जाऊन मध्यभारत झाला त्या सुमाराची गोष्ट. कचेरी कधी इंदूरला, कधी ग्वाल्हेरला. तिच्यामागून आम्ही कारकून बोचकी बांधून कधी इकडे, कधी तिकडे. उरलेल्या वेळात साप्ताहिकातलं माझं सदर. टोपणनावानं लिहायचो आणि ते टोपणनाव कुणाचं हे सगळ्या इंदूरला ठाऊक होतं. त्यात मी त्या शेठजींच्या पाणपोईवर लिहिलं. भिंतीवर त्यांचं नाव, माठावर नाव, प्रत्येक पेल्यावर नाव. तहानलेल्या माणसाला पाण्याआधी शेठजी प्यावे लागतात, एवढंच माझं म्हणणं होतं. शेठजी पेटले. "कोर्ट में घसीटूँगा, मकान तक बिकवा दूँगा," असा निरोप आला.

मी पडलो शूर. त्याच संध्याकाळी दामूअण्णा वकिलांकडे धावलो. दामूअण्णा माझा शाळेपासूनचा मित्र. फी घेत नाही, पण अपमान भरपूर करतो. म्हणाला, "विष्णू, घर वहिनींच्या नावावर करून टाक. दानपत्र कर. मग जप्ती आली तरी तुझ्याकडे काय सापडणार, एक छत्री आणि एक दौत. नावापुरतं रे. वादळ ओसरलं की परत करून घेऊ."

घरी आलो तेव्हा तू मेथी निवडत होतीस. मी म्हटलं, "घर तुझ्या नावावर करतोय. नावापुरतं."

तू काड्या बाजूला करत विचारलंस, "नावापुरतं म्हणजे? माझं नाव कधीपर्यंत पुरणार आहे?"

मी छत्री खुंटीला अडकवली. गावाला टोचून बोलणाऱ्या माणसाला घरात उत्तरं सुचत नाहीत, हे तुला माहीत होतंच.

मग ती रजिस्ट्री. अधिकारी उत्तरेकडचे, गंभीर गृहस्थ. त्यांनी मला विचारलं, किसको दे रहे हो, मी घसा साफ करून म्हणालो, "इंदिरा." लाजच वाटली, खोटं कशाला बोलू. मग ते तुझ्याकडे वळले, "बाई, पति का नाम बोलिए." तू गप्प. पुन्हा विचारलं. तू गप्प. दामूअण्णा म्हणाला, "साहेब, कागदात लिहिलंय ना." साहेब म्हणाले, "कागज़ में लिखा है तो क्या, बाई ख़ुद बोलेंगी तो मानेंगे. हमें भी तो पता चले कि राज़ी-ख़ुशी ले रही हैं."

तू पदर सारखा केलास. मला वाटलं आता रडणार. आणि तू, हळदीकुंकवाच्या बायकांत बसल्यासारखी, सरळ उखाणा घेतलास:

"छत्रीबागेत बांधलं टुमदार घर,
विष्णुपंत माझे भाडेकरू, भाडं गराडू पावशेर."

मराठी जाणणारे दोन कारकून खुर्चीतच वाकले. साहेब म्हणाले, "ये क्या बोलीं?" दामूअण्णानं कानाच्या पाळ्या लाल करत, तळलेल्या कंदाच्या भाड्यासकट भाषांतर केलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि मला विचारलं, "पंतजी, आप मकान दान में दे रहे हैं या किराए पर ले रहे हैं?"

टांग्यात बसल्यावर मी विचारलं, "हे कुठून काढलंस?" तू म्हणालीस, "नाव घ्यायचं तर उखाण्यातच घेतात. आणि उखाण्यात घेतलेलं खोटं करत नाहीत."

मी हसलो. तू हसली नाहीस, हे मला नंतर लक्षात आलं. थंडी पडली, मल्हारगंजात गराडूच्या कढया चढल्या, आणि एका संध्याकाळी तू दारातच हात पुढे केलास. "भाडं?" मी खरंच परत फिरलो. तो कंद कसा तळतात बघत कढईपाशी उभा राहिलो, वर मसाला आणि लिंबू मारून घेतलं, आणि पावशेराचा गरम पुडा तुझ्या हातावर ठेवला. तू एक तुकडा तोंडात टाकलास, जमीनदारीण रयतेचं धान्य पारखते तशी चावलीस आणि म्हणालीस, "लिंबू कमी आहे. पण घेते."

दर हिवाळ्यात तेच. दरवेळी लिंबू कमीच. एकदा मी मुद्दाम लिंबाच्या फोडी वेगळ्या आणल्या, तर म्हणालीस, "एवढं आंबट? भाडेकरू रागावलाय वाटतं." एकदा मी कायदा काढला. म्हटलं, मी वर्षातले कितीतरी महिने ग्वाल्हेरला असतो, तेव्हा भाडंही निम्मं घे. तू म्हणालीस, "तुम्ही जाता, तुमची रद्दी जाते का? ती बारा महिने राहते इथं." ज्या सरकारवर मी उभा जन्म टीका केली, ते तुझ्याइतकं जाणतं असतं तर माझं सदर कधीच बंद पडलं असतं.

शेठजींचं काय झालं, ते तुला सांगायला नको. तो लेख वाचून लोक मुद्दाम पाणपोई बघायला येऊ लागले. शेठजींनी पेढे पाठवले आणि विचारलं, धर्मशाळेवर कधी लिहिणार. वादळ ओसरलं. दामूअण्णा कागद परत फिरवायला आला, तेव्हा तू त्याला चहा दिलास आणि विचारलंस, "भाऊजी, भाडेकरूला काढायचं तर कारण द्यावं लागतं ना? मग मालकिणीला काढायला काय कारण देणार?" दामूअण्णा चहा पिऊन गेला. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. मीही नाही. खरं सांगू? मला ते आवडायला लागलं होतं.

कारण घराकडे बघताना तू निराळी दिसायला लागली होतीस. नळासाठी मी कितीदा अर्ज केले होते. प्रत्येक अर्जाची भाषा मागच्यापेक्षा बोचरी, आणि नळ काही येईना. मालकीण झाल्यावर तू एक दिवस चपला घालून एकटी गेलीस. तिथे काय बोललीस कोण जाणे. पंधरवड्यात अंगणात नळ. मी विचारलं तर म्हणालीस, "मी टोमणे मारले नाहीत. मकान मेरा है, पानी चाहिए, एवढंच म्हटलं." तुझं हिंदी तेवढंच होतं, पण त्यात 'मेरा' होतं. तोच हा नळ, इंदिरा. आता तुझ्या नावानं टपकतोय.

एक तक्रार मात्र राहिली. भाडेकरूला नोटीस द्यायची असते. गणपती विसर्जन करून आलीस, अंग कसकसतंय म्हणालीस, आणि त्याच आठवड्यात घर टाकून निघून गेलीस. ही कुठली रीत? 'नाव कधीपर्यंत पुरणार' हे तूच विचारलं होतंस. मला वाटलं होतं, माझ्यापेक्षा तुझं पुरेल.

असो. पुढचं ऐक, तुझ्या कामाचं आहे.

नळाचे बाबूजी म्हणाले, आधी मकान का नामांतरण, मग नळ. नामांतरण म्हणजे घर आता कुणाच्या नावावर, ते ठरवणं. उज्जैनहून मधूचं पत्र आलं. तो बदली करून इंदूरला येणार आहे. लिहितो, नाना, घर आधी तुमच्या नावावर करून घ्या, मग सवडीनं माझ्या करू, म्हणजे सुटसुटीत. आपला मुलगा लबाड नाही, सुटसुटीत आहे. तुझ्या हातची पोळीसुद्धा तो मोजपट्टीनं तोडायचा.

दामूअण्णानं कायदा समजावला. "हे बघ विष्णू. दान खरं होतं म्हणालास, तर घर वहिनींचं स्त्रीधन. आणि स्त्रीधन आधी बिनलग्नाच्या मुलीकडे जातं. तुझ्याकडे नाही, मधूकडे नाही, कुसुमकडे. दान नुसतं दाखवायचं होतं म्हणालास, तर घर तुझं, आणि मग पुढे मधूचं. बयान द्यायला बोलावतील. एकच शब्द बोल: नाममात्र. म्हणजे आपलं नावापुरतं. तेव्हा मीच तर सांगितला होता हा शब्द तुला."

दिल्लीत मुलींच्या हक्कांचा नवा कायदा होणार म्हणून सगळे वकील कपाळाला हात लावून बसले आहेत, आणि इथे जुन्याच कायद्यात मुलगी आधी. मला गंमत वाटली. पण गंमत वाटून बयान होत नाही. घर माझ्या पगाराचं. वीटन्वीट मी पोटाला चिमटा काढून जोडलेली. दान देऊनही त्यावरचं आपलं नाव माणसाला सोडवत नाही, हे मी आजवर फक्त शेठजींबद्दल लिहिलं होतं.

त्याच संध्याकाळी कुसुमच्या कपाटावर एक नवं पितळी कुलूप दिसलं. किल्ल्या सुतळीनं बांधलेल्या.

"हे कशाला गं?"

"मल्हारगंजात एक खोली बघितलीय, नाना. शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीत."

"का? इथे काय झालं?"

"काही नाही झालं. मधू येतोय, त्याची मुलं मोठी होतायत. घर त्याचं होणार. मग मी आधीच हललेली बरी, कुणी सांगण्यापेक्षा."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही," कुसुम म्हणाली. "सांगायची वेळ कशाला आणायची?"

आणि ती अळू कापायला गेली. तिनं लग्न का केलं नाही, हा प्रश्न तू या घरात बंद करून टाकला होतास. पण लग्न न केलेल्या मुलीनं जायचं कुठे, याचं उत्तर तू देऊन ठेवलं होतंस का? त्या रजिस्ट्रीत, पदर सारखा करून? मला आता तशी शंका येते. तुझा उखाणा मी यमकासाठी म्हणून धरला होता. तुझं यमक तरी कुठे धड जमलं होतं, 'घर'ला 'शेर'. तू यमकासाठी थांबणारी नव्हतीस.

दुसऱ्या दिवशी मी खान नदीच्या पुलावरून मुद्दाम पायी गेलो. दामूअण्णा कचेरीच्या पायरीवर उभा होता. म्हणाला, "पाठ आहे ना? नाममात्र." मी मान हलवली.

बयान घेणारे बाबू तरुण होते. खाली मान घालूनच त्यांनी विचारलं, "मकान किसका था?"

"पत्नी का."

"वो तो कागज़ में लिखा है. असल में किसका था?"

मी तोंड उघडलं. शब्द तयार होता. आणि इंदिरा, ऐन वेळी मला त्याच्याऐवजी तुझा हात दिसला, दारात पुढे केलेला, तळवा वर.

"असल में तो और भी उन्हीं का था," मी म्हणालो.

बाबूनं मान वर केली. "आप वहाँ किस हैसियत से रहते थे?"

"किराएदार."

"किराया देते थे?"

"हर साल. पाव भर गराडू."

मागे दामूअण्णाला ठसका लागला. बाबूनं लेखणी खाली ठेवली. "गराडू? रसीद मिलती थी?"

"नहीं. लेकिन हर बार शिकायत मिलती थी. नींबू कम है."

बाबू माझ्याकडे निरखून बघू लागला. माळव्याचाच असावा, गराडूचं नाव निघाल्यावर चेहरा जरा सैल पडला. "पंडितजी, मज़ाक कर रहे हैं?"

"आतापर्यंत मलाही तसंच वाटत होतं," मी मराठीत म्हणालो, आणि मग त्याच्या भाषेत, "नहीं. सच बोल रहा हूँ. दिया था तो दिया था. मकान उनका था, अब बेटी का है. कुसुम नाम है. लिख लीजिए."

त्यानं लिहिलं. गराडू लिहिलं नाही, तेवढा कायदा कोरडाच राहिला.

बाहेर आल्यावर दामूअण्णा म्हणाला, "हे काय केलंस?"

"खरं बोललो."

"तुला सवय नाही. आधी सांगायचं होतंस, मी आलो नसतो." मग पुलापर्यंत माझ्याबरोबर चालत आला आणि एकदम म्हणाला, "वहिनींनी चहा तेव्हा फार गोड केला होता रे. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

मधूला मी पत्र टाकलं. काही लपवलं नाही. त्याचं उत्तर आलं, चार ओळींचं. पहिल्या दोन ओळींत घुश्शात आहे. तिसऱ्या ओळीत विचारतो, 'मग इंदूरला बदली झाल्यावर घर मिळेपर्यंत उतरायचं तर ताईची परवानगी लागेल का?' चौथ्या ओळीत, 'लागत असेल तर तिला विचारून कळवा.' मी कुसुमला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याला लिहा, मुलांना आण. पण मोजपट्टी तिथेच ठेव." तुझीच मुलगी. मी दोघांपैकी कुणावरच हक्क सांगत नाही.

ते पितळी कुलूप आता मागच्या दाराला आहे. मल्हारगंजातली खोली नको म्हणून शाळेतल्या बाईंना निरोप गेला.

नळ अजून टपकतो आहे. कुसुमचं नाव चढायला महिना लागेल, मग तिचा अर्ज, मग माणूस. मी चकती बदलू शकलो असतो, बाजारात मिळते. बदलली नाही. मालकिणीला न विचारता कशाला हात लावा? अळूही अजून चांगला आहे, आणि कालपासून वड्या मला पुन्हा बऱ्या लागायला लागल्या आहेत.

यंदाचं भाडं थकलं होतं. काल कचेरीतून येताना मल्हारगंजात कढईपाशी थांबलो. पावशेर घेतला. घरी येऊन मांडणीवरून तुझं नाव कोरलेली पितळी ताटली काढली, पुडा तिच्यात उलटा केला. कुसुम मुलींच्या निबंधाच्या वह्या तपासत बसली होती. मी काही न बोलता ताटली तिच्या वह्यांवर ठेवली.

तिनं ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लाल शाईची लेखणी कानामागे खोचली. एक तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिली.

"लिंबू कमी आहे, नाना," ती म्हणाली. "पण घेते."

मी लिंबू कापायला आत गेलो. लगेच बाहेर आलो नाही.

तेव्हा काळजी करू नकोस. हे हातपाय चालतात तोवर थंडीच्या पहिल्या कढईचं पावशेर वेळेवर पोचेल, आणि उखाण्यात घेतलेलं नाव खोटं होणार नाही. माझी रद्दीही यंदा आवरतो. हे मात्र जरा हळूहळू.

तुझा, आणि आता तुझ्या लेकीचा भाडेकरू,
विष्णू